लोड बॅलन्सरमागचा सर्व्हर मधूनच ‘कनेक्ट होत नाही’: ५०२, ५०३, ५०४ आले की काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

लोड बॅलन्सर म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट मागच्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारा मधला प्रोग्रॅम किंवा सेवा. मागच्या सर्व्हरशी त्याचं जमलं नाही की तो ग्राहकाला ५०२, ५०३ किंवा ५०४ असे एरर कोड देतो. आधी लक्षणं, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते जुळवून बघता येईल.

साइट एरवी नीट चालते, पण मधूनच एखाद्याला ५०२ किंवा ५०४ येतो, त्याने रिफ्रेश मारलं की पान उघडतं.
मॉनिटरिंगवर मागचे सगळे सर्व्हर हिरवे, सीपीयू आणि मेमरी निवांत.
सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच कर्ल (कमांडवरून पान मागवणारं साधन) मारलं की झटकन उत्तर येतं, त्यामुळे ॲपवाले म्हणतात आमच्याकडे ओके आहे, नेटवर्कवाले म्हणतात पिंग जातंय, आणि तक्रारी चालूच राहतात.
गर्दी वाढली की एरर वाढतात, किंवा नेमकं उलटं, ट्रॅफिक कमी असतं तेव्हा थोड्या शांततेनंतरची पहिलीच रिक्वेस्ट पडते.
पान बघताना काही नाही, पण फॉर्म सबमिट करताना एरर येतो.
एखादा सर्व्हर रोटेशनमधून (ज्यांना रिक्वेस्ट वाटल्या जातात त्या यादीतून) बाहेर पडतो, थोड्या वेळात परत येतो, परत पडतो.

यातलं एक जरी जुळत असेल तर पुढे वाचा. मी मुख्यतः एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी हे लोड बॅलन्सर आणि क्लाउडवर ॲमेझॉनचे एएलबी (वेब रिक्वेस्टसाठीचा) आणि एनएलबी (टीसीपी जोडण्यांसाठीचा) सांभाळतो, त्यामुळे उदाहरणं त्यांचीच आहेत, पण तपासणीचा क्रम कुठल्याही लोड बॅलन्सरला लागू पडतो.

सुरू करण्याआधी एकच कळकळीची विनंती, रिस्टार्ट मारू नका. रिस्टार्टने साचलेली रांग रिकामी होते, शिळी कनेक्शन्स जातात, नावाचा आयपी नव्याने शोधला जातो, म्हणजे तीन वेगवेगळ्या कारणांवर तात्पुरता आराम पडतो आणि नेमकं कुठलं कारण होतं ते कधीच कळत नाही, मग चार दिवसांनी तोच फोन परत येतो. फारच आग लागली असेल तर आजारी सर्व्हर रोटेशनमधून बाजूला काढा आणि तो आहे तसाच चालू ठेवा. लोकांचं काम सुरू होतं आणि पुरावाही शाबूत राहतो.

पहिलं काम: एरर लॉगमधला आकडा वाचा

याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी बहुतेक लोक हेच सोडून थेट टाइमआउट वाढवायला जातात. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ‘कनेक्ट फेल्ड’ च्या पुढे कंसात लिनक्सचा एरर नंबर असतो. तो आकडा म्हणजे अर्धं निदान आहे, खरंच.

१११ म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड. पॅकेट तिथपर्यंत पोचलं, आणि समोरून साफ नकार आला, कारण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. म्हणजे नेटवर्क बहुतेक ठीक आहे, ॲप बंद आहे किंवा भलत्याच पत्त्यावर ऐकतंय. ११० म्हणजे टाइमआउट, उत्तरच आलं नाही. इथे फायरवॉल, हरवलेली पॅकेट्स किंवा भरलेली रांग बघायची. पण ओळ शेवटपर्यंत वाचा, ‘व्हाइल कनेक्टिंग’ असेल तर जोडणीच झाली नाही आणि ‘व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’ असेल तर जोडणी झाली होती, ॲप हळू आहे, आणि मग नेटवर्कवाल्यांच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही. १०४ म्हणजे चालू कनेक्शन समोरच्याने तोडलं. ९९ म्हणजे लोड बॅलन्सरकडचे पोर्टच संपले. २४ म्हणजे उघड्या फाइल्सची मर्यादा संपली. १३ दिसला तर एसई-लिनक्सने (लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था) एनजिनएक्सला बाहेर कनेक्ट व्हायला मनाई केलीये, त्यासाठी ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ नावाचं बुलियन (चालू-बंद सेटिंग) चालू करायचं, अख्खं एसई-लिनक्स बंद करायचं नाही.

एचएप्रॉक्सीत हीच माहिती प्रत्येक लॉग ओळीतल्या टर्मिनेशन स्टेटमध्ये (जोडणी कशी संपली ते सांगणाऱ्या अक्षरांत) असते. मोठा ‘एस’ आणि त्यापुढे ‘सी’ असेल तर सर्व्हरने जोडणी नाकारली, छोटा ‘एस’ आणि मोठाच ‘सी’ असेल तर जोडणीची वाट बघण्यात वेळ संपली. एका अक्षराच्या आकारात एवढा फरक आहे. आणि ब्राउझरवर दिसणाऱ्या कोडवर फार विसंबू नका, मागचा सर्व्हर जोडणी नाकारत असेल तर एनजिनएक्स ५०२ देतो आणि एचएप्रॉक्सी त्याच गोष्टीला ५०३ देतो.

दुसरं: लोड बॅलन्सरच्या मशीनवरून कर्ल मारा

सर्व्हरच्या आतून मारलेला कर्ल काहीच सिद्ध करत नाही, कारण तो १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) वरून जातो, त्याला ना फायरवॉल लागते ना मधलं नेटवर्क. पिंगचंही तेच, पिंग गेलं म्हणजे मशीन जिवंत आहे एवढंच, पोर्टबद्दल त्यातून काही कळत नाही. जिथून खरी रिक्वेस्ट निघते तिथूनच, म्हणजे लोड बॅलन्सरवरून, सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट देऊन टेस्ट करा.

१११ येत असेल तर मागच्या सर्व्हरवर एसएस कमांड ‘-एलएनटी’ लावून चालवा, कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर कोणी ऐकतंय ते दिसेल. ॲप १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ते फक्त स्वतःशीच बोलणार, बाहेरच्याला नकारच मिळणार. ०.०.०.० वर (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर) किंवा त्या मशीनच्या खाजगी आयपीवर ऐकायला लावा. डॉकरमध्ये (जिथे ॲप वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालतं) हे सर्रास होतं, कारण कंटेनरच्या आतला १२७.०.०.१ हा कंटेनरचा स्वतःचा असतो. अजून एक भानगड म्हणजे अपस्ट्रीममध्ये (मागच्या सर्व्हरच्या यादीत) ‘लोकलहोस्ट’ असं नाव लिहिलेलं असणं. त्याचे आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ असे दोन पत्ते निघतात, एनजिनएक्स त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजतो, आणि ॲप फक्त आयपीव्ही४ वर असेल तर ::१ वर (त्या आयपीव्ही६ पत्त्यावर) गेलेल्या रिक्वेस्टला नकार मिळतो. दुसऱ्या पत्त्यावर रिट्राय होऊन बऱ्याचदा हे झाकलं जातं, लॉग मात्र १११ ने भरून जातो. नाव काढा, सरळ आकडी पत्ता लिहा.

आता एक बारकावा. कर्लला ‘टाइम कनेक्ट’ छापायला सांगा आणि लूपमध्ये शे-दोनशे वेळा मारा. एकाच डेटा सेंटरमध्ये हा आकडा एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास हवा. सगळे ०.००१ येतायत आणि मधेच एक १.००२, कधी ३.००-काहीतरी, असं दिसलं तर ॲप हळू आहे असं समजू नका. जोडणीचं पहिलं पॅकेट, सिन म्हणतात ते, हरवलंय. ६.५ च्या आधीचा लिनक्स हरवलेलं सिन एक सेकंदाने परत पाठवतो, मग आणखी दोन सेकंदांनी, मग आणखी चार, म्हणून एकूण वेळ एक, तीन, सात अशा टप्प्यांवर उडी मारते; ६.५ पासून सुरुवातीची काही सिन दर सेकंदाला जातात, तिथे टप्पे एक, दोन, तीन असे दिसतात. ॲपचा हळूपणा असा नेमक्या सेकंदावर कधी येत नाही. हा पॅटर्न दिसला की थेट फायरवॉल, कनेक्शन ट्रॅकिंग (मशीनने ठेवलेली चालू जोडण्यांची नोंद) आणि रांगेकडे जायचं, त्यांचं पुढे येतंच आहे.

तिसरं: फायरवॉल आणि सिक्युरिटी ग्रुप

११३, म्हणजे ‘नो रूट टू होस्ट’ आला की लोक राउटिंग टेबल उघडून बसतात. फायरवॉल-डी (लिनक्सची फायरवॉल सेवा) चालू असलेल्या मशीनवर पोर्ट उघडा नसेल तरी हाच एरर येतो, कारण ती गप्प न बसता मनाईचा निरोप परत पाठवते. आधी पोर्ट उघडा आहे का ते बघा.

ॲमेझॉनच्या एनएलबीवर दोन गोष्टी लोकांना फार छळतात. पहिली, क्लायंट आयपी प्रिझर्वेशन चालू असेल तर सर्व्हरला पॅकेट ग्राहकाच्या मूळ आयपीवरून आल्यासारखं दिसतं, पण हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का बघणारी नियमित तपासणी) मात्र एनएलबीच्या स्वतःच्या खाजगी आयपीवरून येतो. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (ॲमेझॉनच्या फायरवॉल नियमांत) फक्त अंतर्गत रेंज उघडी असेल तर हेल्थ चेक पास, सगळं हिरवं, आणि खरे ग्राहक बाहेर ताटकळत. दुसरी, एनएलबीमागचाच एक सर्व्हर त्याच एनएलबीला कॉल करतो आणि ती रिक्वेस्ट फिरून त्याच्याकडेच येते. पाठवणारा आयपी आणि घेणारा आयपी एकच, मग जोडणी लटकते. मागे दोन सर्व्हर असतील तर साधारण निम्मे कॉल लटकतात आणि निम्मे सुरळीत जातात, त्यामुळे कोडमध्येच काहीतरी गडबड आहे असं वाटत राहतं. एकतर प्रिझर्वेशन बंद करा, नाहीतर आतले कॉल लोड बॅलन्सरला वळसा घालून करा.

चौथं: हेल्थ चेक नक्की काय तपासतोय

नुसता पोर्ट उघडा आहे का एवढंच बघणारा हेल्थ चेक अडकलेल्या ॲपलाही पास करतो. कारण जोडणीचा पहिला हस्तांदोलनाचा भाग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर पूर्ण करतो, ॲपने ते कनेक्शन हातात घेतलं नसलं तरी. म्हणून एचटीटीपीवाला चेक लावा, एखादं हलकं पान ठेवा जे ॲप स्वतः देतं. पण त्या पानात डेटाबेस, कॅश, तिसऱ्या कंपनीचा एपीआय असं सगळं तपासायला घालू नका. डेटाबेस जरा मंदावला की सगळे सर्व्हर एकदम लाल होतात, आणि जी साइट हळू का होईना चालली असती ती पूर्ण बंद पडते.

एनजिनएक्सच्या फुकट आवृत्तीत वेगळा हेल्थ चेक नाही, तो खऱ्या रिक्वेस्ट फसल्यावरून अंदाज बांधतो. डिफॉल्टला मॅक्स-फेल्स १ आणि फेल-टाइमआउट १० सेकंद. म्हणजे एक जोडणी फसली की तो सर्व्हर १० सेकंद बाद. मागे दोनच सर्व्हर आहेत आणि गर्दीत दोघांची एकेक जोडणी फसली की लॉगमध्ये ‘नो लाइव्ह अपस्ट्रीम्स’ येतं आणि सगळ्यांना ५०२, दोन्ही सर्व्हर जिवंत असताना. लक्षणांमध्ये जो पडतो-उठतो सर्व्हर सांगितला तो बऱ्याचदा हाच. मी मॅक्स-फेल्स ३ ते ५ ठेवतो. त्यासोबत प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट कमी करतो, डिफॉल्ट ६० सेकंदांचा असतो, तो आतल्या नेटवर्कसाठी अवाच्या सवा आहे, दोन-तीन सेकंदांत जोडणी नाही झाली तर दुसऱ्या सर्व्हरकडे गेलेलं बरं. सिन परत पाठवायला एक सेकंद लागतो, म्हणून एक सेकंदापेक्षा कमी मात्र करू नका.

पाचवं: कीप-अलाइव्हची वेळ जुळत नाही

१०४ किंवा ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड’ दिसत असेल, शांततेनंतरची पहिली रिक्वेस्ट पडत असेल, तर माझा पहिला संशय इथेच असतो. लोड बॅलन्सर आणि सर्व्हर एकदा जोडलेलं कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवतात, किती वेळ ते दोघं आपापलं ठरवतात. एएलबी डिफॉल्टला ६० सेकंद ठेवतो. नोड-जेएस बरीच वर्षं डिफॉल्टला ५ सेकंदच ठेवत आलंय, अपाचेचेही ५, गनिकॉर्नचे तर २. म्हणजे सर्व्हर आधी कंटाळून बंद करतो. बंद केल्याचा निरोप वाटेत असतानाच लोड बॅलन्सरने त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट टाकली की समोरून रीसेट आणि ग्राहकाला ५०२. मिलिसेकंदांचा खेळ आहे, म्हणून हाताने टेस्ट करताना कधी सापडत नाही.

उपाय फुकट आहे, मागच्या सर्व्हरची वेळ लोड बॅलन्सरपेक्षा जास्त ठेवा. एएलबी ६० वर असेल तर नोडमध्ये ६५,००० मिलिसेकंद.

एनएलबीवर यातलाच दुसरा प्रकार होतो. टीसीपी कनेक्शन ३५० सेकंद गप्प राहिलं की डिफॉल्टला एनएलबी ते विसरून जातो, दोन्ही टोकांना न कळवता, आणि पुढचं पॅकेट गेलं की रीसेट. लिनक्सचा स्वतःचा टीसीपी कीप-अलाइव्ह (गप्प कनेक्शनवर पाठवायचं चाचणीचं पॅकेट) ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागा होतो, तोवर फार उशीर झालेला असतो. डेटाबेस पूल किंवा क्यू अशा लांब चालणाऱ्या कनेक्शन्सवर ॲपमध्ये कीप-अलाइव्ह चालू करून ही वेळ ३५० च्या बरीच खाली आणा.

आता फॉर्म सबमिट करतानाच एरर का, ते. एक सर्व्हर फसला की एनजिनएक्स रिक्वेस्ट दुसऱ्याकडे पाठवतो, त्यामुळे साध्या गेट (पान मागवणाऱ्या) रिक्वेस्टचं अपयश कोणाला दिसतच नाही. पण पोस्ट (फॉर्म पाठवणारी) रिक्वेस्ट एकदा सर्व्हरकडे गेली की १.९.१३ आवृत्तीपासून तो ती आपणहून परत पाठवत नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. कनेक्शन तुटलं म्हणजे काम झालं नाही असं नसतं. सर्व्हरने पैसे कापून घेतले असतील आणि उत्तर देताना कनेक्शन तुटलं असेल. नेटवर ‘नॉन-आयडेम्पोटंट’ पर्याय (पोस्टही परत पाठवू देणारा) चालू करा, एरर जातील, असा सल्ला सापडतो. एरर जातात हे खरं आहे, पण एकाच माणसाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. ॲपमध्ये तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तर ओळखायची सोय असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

सहावं: डिप्लॉय आणि बदललेले आयपी

एरर डिप्लॉयच्याच (ॲपची नवी आवृत्ती चढवायच्या) वेळी येत असतील तर क्रम बघा. आधी सर्व्हर रोटेशनमधून काढायचा, हातातल्या रिक्वेस्ट संपू द्यायच्या, मग ॲप थांबवायचं. आणि अपस्ट्रीममध्ये डोमेन नाव लिहिलेलं असेल तर एनजिनएक्स साधारणपणे सुरू होताना किंवा रीलोड होतानाच त्याचा आयपी शोधतो. मागचा आयपी बदलला तर तो जुन्याच पत्त्यावर जात राहतो. रीलोड केल्याकेल्या बरं वाटलं तर कारण हेच समजा आणि रिझॉल्व्हर (नावाचा आयपी वेळोवेळी परत शोधायची सेटिंग) नीट लावून घ्या.

सातवं: रांगा आणि मर्यादा

इथून पुढे कर्नलच्या गोष्टी आहेत, सवय नसेल तर फक्त बघा, बदलू नका.

गर्दीत ११० येत असेल तर एसएस -एलएनटी परत चालवा आणि ॲपच्या पोर्टच्या ओळीत पहिले दोन आकडे बघा. रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता किती कनेक्शन्स ॲपने घ्यायची वाट बघतायत, सेंड-क्यू म्हणजे रांगेची मर्यादा. तिथे १२९ आणि १२८ दिसले की रांग तुंबली, नवीन सिन चुपचाप टाकून दिली जातायत, आणि मगाशी सांगितलेल्या एक-तीन-सात सेकंदांच्या उड्या इथूनच येतात. १२८ हा जुन्या कर्नलचा सोमॅक्सकॉनचा (या रांगेच्या कमाल मर्यादेचा) डिफॉल्ट, ५.४ पासून तो ४०९६ आहे. पण ॲपने स्वतः लहान आकडा मागितला असेल तर दोघांतला लहान तोच लागू होतो, म्हणून नुसतं कर्नलमध्ये वाढवून उपयोग नाही. आणि ॲप मुळातच हळू असेल तर मोठी रांग म्हणजे लोकांना जास्त वेळ ताटकळत ठेवणं, बाकी काही नाही.

९९ येत असेल तर पोर्टचं गणित करा. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडणीसाठी ३२७६८ ते ६०९९९ असे २८,२३२ पोर्ट वापरतो, आणि जो आधी बंद करतो त्याच्याकडे तो पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यानंतरच्या थांब्यात) अडकतो. एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या सतत गेल्या की कोटा संपला. खरा उपाय म्हणजे अपस्ट्रीमला कीप-अलाइव्ह लावून तीच कनेक्शन्स परत वापरणं. जुन्या लेखांमध्ये ‘टीडब्ल्यू-रिसायकल’ चालू करा असं असतं, ते अजिबात करू नका. मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच आयपीमागे असतात, त्यांच्यातल्या काहींच्या जोडण्या त्याने नुसत्या गायब व्हायच्या, शेवटी लिनक्स ४.१२ मध्ये तो पर्यायच काढून टाकला.

डी-मेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘एनएफ कॉनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ दिसलं तर कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल भरलंय. त्याची मर्यादा वाढवता येते, पण मेमरी लागते, म्हणून टेबल कशाने भरलं ते आधी शोधा.

आठवं: दोन्ही टोकांना टीसीपी-डंप

इतकं करून सापडलं नाही तर लोड बॅलन्सर आणि सर्व्हर दोन्हीकडे एकाच वेळी टीसीपी-डंपने कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेट्सची नोंद) लावा. दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने (वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळलेली हवीत, नाहीतर ओळी जुळवताना डोकं फिरतं. प्रश्न एकच विचारायचा, इथून निघालेलं सिन तिकडे पोचलं का. पोचलं आणि उत्तर निघालं नाही तर दोष सर्व्हरच्या आत. उत्तर निघालं पण इकडे आलं नाही तर परतीचा रस्ता वेगळा आहे किंवा मधे कोणीतरी खातंय. पोचलंच नाही तर मधलं नेटवर्क.

कुठे थांबायचं

मधल्या नेटवर्कवर बोट आलं की तुमचं काम संपलं. होस्टिंगवाला, क्लाउड सपोर्ट किंवा नेटवर्क इंजिनिअर यांना बोलवा.

कीप-अलाइव्ह-डी ने (एक पडला की दुसऱ्याला त्याची जागा घ्यायला लावणारं साधन, वरच्या कीप-अलाइव्हपेक्षा वेगळं) जोडलेले दोन लोड बॅलन्सर असतील आणि व्हर्च्युअल आयपी (दोघांचा सामायिक पत्ता) दोघांवर एकदम दिसत असेल तर चालू सिस्टिमवर प्रयोग नकोत, जाणकार माणूस लागतो.

सिन-रिसीव्ह अवस्थेतली (सिन आलं, पण जोडणी अर्धवट) हजारो कनेक्शन्स अनोळखी आयपींवरून येताना दिसली तर तो हल्ला असू शकतो, एका मशीनवर बसून तो थोपवता येत नाही, लगेच प्रोव्हायडरला सांगा. भारतात सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो, त्यामुळे कंपनीतल्या जबाबदार माणसाला तेव्हाच उठवा, सकाळची वाट बघू नका.

पैशांचे व्यवहार, हॉस्पिटलची सिस्टिम, चालू परीक्षा, अशा ठिकाणी टेस्ट सेटअप नसेल तर सहाव्या पायरीपुढे एकट्याने जाऊ नका.

बोलावताना तिकिटात नुसतं ‘कनेक्ट होत नाही’ लिहू नका. एररची वेळ सेकंदापर्यंत, दोन्ही बाजूंचे आयपी आणि पोर्ट, लॉगमधला एरर नंबर, शंभरातल्या किती रिक्वेस्ट पडतायत आणि दोन्ही टोकांची कॅप्चर फाइल एवढं द्या. कॅप्चरमध्ये ग्राहकांच्या कुकी आणि पासवर्ड जाऊ शकतात, म्हणून टीसीपी-डंपला प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइटच घ्यायला सांगा. आयपीव्ही४ वर इथरनेट, आयपी आणि टीसीपीचे हेडर साधारणपणे ९४ बाइटच्या आत बसतात, त्यामुळे निदानाला लागणारं सगळं त्यात येतं आणि ग्राहकाचा मजकूर जवळजवळ बाहेरच राहतो.